डोंगल लावलं तरी नेट रडतंय: वाचकांचे प्रश्न

यूएसबी वायफाय अडॅप्टर, म्हणजे दुकानात ज्याला सगळे सरसकट डोंगल म्हणतात, ते वापरणाऱ्यांनी आपापले अनुभव कळवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रं आणि मेल मिळून इतकं आलंय की निम्मं बाजूला ठेवावं लागलं. गंमत अशी की रडगाणं जवळपास सगळ्यांचं सारखंच, 'स्पीड नाही', 'सारखं तुटतं', 'चालूच होत नाही', पण कारणं मात्र दर पत्रात वेगळी निघतायत आणि डोंगल खरंच खराब आलंय असं फार थोड्यांच्या बाबतीत दिसतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गाव ठेवलंय. आणि बऱ्याच जणांनी 'सर' लिहिलंय, मी ताई आहे, पण असू दे.

प्रश्न: सर, ऑनलाइन 'वायफाय डोंगल' म्हणून मागवलं, २९९ ला पडलं. पार्सल उघडलं तर नखाएवढा तुकडा, सिम घालायला जागाच नाही. लॅपटॉपला लावला तर नेट पण येत नाही. फसवलं का मला? (सिन्नर)

उत्तर: फसवलं नाही, तुम्हाला पाहिजे होतं ते दुसरं काहीतरी. सिम घालून नेट देतं ते डेटा कार्ड. हे जे आलंय ते नुसतं वायफाय पकडणारं यंत्र, घरात राउटर असेल किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट चालू असेल तर तो पकडून कॉम्प्युटरला देणार, स्वतः कुठून नेट आणणार बिचारं. आणि लॅपटॉपमध्ये असलं यंत्र आतच बसवलेलं असतं, त्यामुळे आतलं बिघडलेलं नसेल तर तुम्हाला ह्याचा काही उपयोग नाही. परत करायची मुदत असेल तर आजच परत करा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, मोबाइलचा डेटा तेवढा जातो. अशी पत्रं एकट्या तुमचीच नाहीत बरं का, बरीच आहेत, कारण विकणारे पण वर्णनात 'हाय स्पीड इंटरनेट' लिहून मोकळे होतात.

प्रश्न: घरी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. मोबाइलवर स्पीडटेस्ट १८० च्या पुढे जाते पण डेस्कटॉपला लावलेलं नॅनो डोंगल ३५-४० च्या वर जायला तयार नाही आणि रात्री तर २० वर येतं. बॉक्सवर चक्क १५० एमबीपीएस छापलंय. केस टाकता येईल का? (सिंहगड रोड, पुणे)

उत्तर: केस टाकायच्या आधी बॉक्सवर १५० च्या आसपास बारीक अक्षरात 'अप टू' लिहिलंय का ते बघा, असतंच. पण तो १५० चा आकडा येतो कुठून हे एकदा समजून घेतलंत तर पुढच्या खरेदीला कोणी गंडवणार नाही.

तुमचं डोंगल ८०२.११एन ह्या २००९ साली आलेल्या स्टँडर्डचं आहे, आता त्यालाच वायफाय ४ म्हणतात. एक अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळाला तर हवेतला वेग १५० पर्यंत जातो. पण हे डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि तिथे सगळी जागाच जेमतेम ८० मेगाहर्ट्झची, आपल्याकडे चॅनेल १३ असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत, एकमेकांना धक्का न लावता चालणारे म्हणाल तर १, ६ आणि ११ असे तीनच. सोसायटीत वीस-पंचवीस राउटर असतील तर ४० मेगाहर्ट्झ कुठून मिळणार, तुमचा राउटर गुपचूप २० वर येतो आणि २० वर एका अँटेनाचा वेग जास्तीत जास्त ७२. आता ह्या ७२ मधून दर पॅकेटची पोच देणं, हवा मोकळी व्हायची वाट बघणं, परत परत पाठवणं हे सगळं वजा करा, हातात साधारण निम्मा उरतो. म्हणजे ३५-४०. रात्री सगळे घरी येऊन काही ना काही बघायला बसतात म्हणून २०. तुमचं डोंगल अगदी ठणठणीत आहे हो, त्याला जेवढं जमतं तेवढं ते देतंय.

मोबाइल १८० दाखवतो कारण तो ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला आहे. तुम्हाला पण तेच पाहिजे, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा ड्युअल बँड अडॅप्टर. बॉक्सवर 'एसी ६००' असं दिसेल, ते ६०० म्हणजे २.४ वरचे १५० आणि ५ वरचे ४३३ ह्यांची बेरीज करून गोल केलेला आकडा, प्रत्यक्षात एका वेळी एकाच बँडवर जोडलं जातं त्यामुळे ६०० कधीच कोणाला मिळत नाही. ४३३ मधून राउटर त्याच खोलीत असेल तर २०० च्या आसपास हाती लागतं, मध्ये दोन भिंती आल्या की बरंच कमी. तुमच्या प्लॅनला तेवढं पुरे.

कोणी 'एसी १२००' किंवा '१३००' (ह्यात ५ वरचे ८६७ असतात) गळ्यात मारायला लागला तर अडॅप्टर यूएसबी ३.० चा आहे का आणि तुमच्या मशीनला निळा, म्हणजे ३.० चा पोर्ट आहे का हे आधी बघा. यूएसबी २.० चा कागदावरचाच वेग ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात ३०० च्या आसपास दम संपतो, मग ८६७ चा अडॅप्टर काळ्या पोर्टात लावून काय करणार? बाजारात तर ८६७ वाले असे पण अडॅप्टर आहेत की ज्यांचं स्वतःचंच तोंड यूएसबी २.० चं आहे, त्याला मी पैसे वाया म्हणते. आणि स्पीडटेस्टच्या आधी विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'लिंक स्पीड' आणि बँड कोणता ते वाचा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

प्रश्न: ताई, पीसीच्या पुढच्या निळ्या पोर्टात डोंगल आहे, नेट छान चालतं. पण बाजूच्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क लावून काही कॉपी करायला घेतलं की वायफाय मरतं, कधी कधी पूर्ण तुटतं, आणि वायरलेस माऊस पण अडखळायला लागतो. हार्डडिस्क काढली की दोन्ही ठीक. दुकानदार म्हणतो एसएमपीएस वीक आहे, बदला. (अमरावती)

उत्तर: एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, बदलू नका, निदान ह्या कारणासाठी तरी नको. माऊसचं लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरूनच कळलं. यूएसबी ३.० वरून डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने पळतो तेव्हा त्याच्या वायरीतून आणि जोडणीतून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि तो पसरतो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे तुमचं वायफाय पण आहे आणि माऊस पण. इंटेलने २०१२ सालीच ह्यावर एक पेपर काढला होता, त्यात मोजमापांसकट सगळं मांडलंय. हा गोंगाट वायफायच्याच पट्ट्यात असल्यामुळे फिल्टर लावून काढता येत नाही, अंतर ठेवणं आणि चांगलं आवरण असलेली केबल वापरणं एवढंच हातात राहतं.

तर डोंगल हार्डडिस्कपासून लांब न्या. मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, शक्यतो मॉनिटरच्या वर कुठेतरी आणा. साधं २.४ वालं डोंगल असेल तर ते काळ्या पोर्टातच लावा, निळ्यात लावून त्याला काडीचा फायदा नाही. आणि डोंगल ड्युअल बँड असेल तर ५ वर जोडा, हा गोंगाट तिथे पोचत नाही, माऊसचा रिसीव्हर मात्र हार्डडिस्कपासून लांबच ठेवावा लागेल.

ह्याच निमित्ताने बाकीच्यांना पण सांगते, कॅबिनेटच्या मागे डोंगल खोचणाऱ्यांची पत्रं ढीगभर आहेत. मागे पत्र्याची भिंत, त्यामागे घराची भिंत, पायाशी वायरींचा गुंता, आणि वरून म्हणायचं सिग्नलच्या दोनच काड्या येतात! २.४ ची लहर जेमतेम १२ सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे डोंगल नुसतं वीतभर इकडचं तिकडे केलं तरी काड्या बदलतात. नागपूरच्या एका वाचकाने मोठ्या अँटेनाचा महाग अडॅप्टर घेतला, तरी रेंज तीच, शेवटी जुनंच नॅनो डोंगल एक्स्टेन्शनवर टांगलं आणि काम झालं असं ते लिहितायत. केबलचा खर्च डोंगलपेक्षा कमी असतो.

प्रश्न: डोंगलसोबत ड्रायव्हरची इवलीशी सीडी आली. माझ्या पीसीला सीडी ड्राइव्हच नाही. ड्रायव्हर नेटवरून घ्यावा तर नेटसाठीच तर डोंगल आणलं! (चिपळूण)

उत्तर: ह्या सीड्या अजून का देतात देव जाणे. तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेलच, तो चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, विंडोज १० किंवा ११ असेल तर काही न टाकता नेट सुरू होतं. केबल मात्र डेटावाली पाहिजे, काही नुसत्या चार्जिंगच्याच असतात. नेट आलं की विंडोज अपडेट चालवा, बहुतेक वेळा ड्रायव्हर तोच शोधून आणतो.

नाही आणला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असलेल्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे व्हीआयडी (कंपनीचा) आणि पीआयडी (वस्तूचा) असे दोन कोड दिसतील. व्हीआयडी ०बीडीए असेल तर आतली चिप रिअलटेकची, १४८एफ किंवा ०ई८डी असेल तर रालिंक-मीडियाटेकची. मोठ्या कंपन्या तिथे स्वतःचा कोड घालतात, मग त्यांच्याच साइटवर मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घ्यायचा. बॉक्सवर नाव कोणाचंही असू दे, ड्रायव्हर चिपप्रमाणेच लागतो. आणि ते 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारे फुकटे प्रोग्रॅम कृपा करून टाकू नका, एक ड्रायव्हर आणतील आणि सोबत चार पाहुणे.

अजून एक, काही नवीन डोंगल लावल्यावर 'माय कॉम्प्युटर'मध्ये सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात आणि लोकांना वाटतं भलतंच काहीतरी आलं. ड्रायव्हर त्या डोंगलच्याच पोटात ठेवलेला असतो, उघडून सेटअप चालवला की ते स्वतःला वायफाय म्हणून परत जोडून घेतं. बॉक्सवर 'ड्रायव्हर फ्री' लिहिलेलं असतं ते बहुतेक असंच असतं, ड्रायव्हर लागतोच, फक्त सोबत आलेला असतो.

प्रश्न: प्रश्न नाही, अनुभव आहे. डोंगल बिघडल्यावर नवीन न घेता जुना स्क्रीन फुटलेला अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडला आणि यूएसबी टेदरिंगने पीसीला लावून ठेवला, मस्त चालतंय, ५ गिगाहर्ट्झ पण मिळतं. बाकीच्यांना सांगा. (सातारा)

उत्तर: सांगितलं. बऱ्याच फोनवर हे जमतं, सगळ्यांवर नाही, काही फोन टेदरिंग चालू केलं की वायफायऐवजी मोबाइल डेटाच पुढे ढकलतात, तेव्हा जुन्या फोनमधून सिम काढूनच ठेवा. आणि चोवीस तास चार्जिंगला लावलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगतेय का ते मधून मधून बघत जा, पाठ उचलल्यासारखी दिसली तर लगेच बंद.

प्रश्न: कंपनीवाल्याने नवा राउटर बसवून दिला तेव्हापासून पीसीच्या डोंगलला आमचं नेटवर्क सापडतच नाही. शेजाऱ्यांची सगळी दिसतात, आमचंच दिसत नाही! मोबाइलला दिसतं. जुन्या राउटरवर तीन वर्षं हेच डोंगल चालत होतं. (मडगाव, गोवा)

उत्तर: नवा राउटर ड्युअल बँड आहे आणि तुमचं डोंगल बहुतेक फक्त २.४ चं. बसवणाऱ्याने २.४ बंद केलं असेल, किंवा चालू असूनही चॅनेल 'ऑटो'वर ठेवलेला असेल आणि राउटरने १२ किंवा १३ निवडला असेल. आपल्याकडे ते दोन्ही चालतात, पण बऱ्याच डोंगलचा ड्रायव्हर अमेरिकेच्या हिशोबाने ११ पर्यंतच ऐकायला बसवलेला असतो, त्यामुळे १२-१३ वरचं नेटवर्क त्याच्या लेखी नसतंच. ऑटोमुळे हे आज दिसतं उद्या गायब असं पण होतं आणि माणूस चक्रावतो. राउटरच्या सेटिंगचं पान उघडा, पत्ता राउटरच्या बुडाशी स्टिकरवर असतो, २.४ चालू आहे ना बघा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्का करा.

नाव दिसायला लागलं पण पासवर्ड बरोबर देऊनही जोडलं जात नसेल तर सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, एकटंच ठेवलंय का ते तपासा. हे २०१८ सालचं आहे, त्याआधीच्या बऱ्याच डोंगलना ते येत नाही. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा एकत्र पर्याय असतो तो निवडा.

प्रश्न: वर्क फ्रॉम होम करते. मीटिंग चालू असली की ठीक, पण जरा उठून चहा टाकून आले की वायफाय गेलेलं असतं, डोंगल काढून परत लावलं की येतं. डोंगल हाताला गरम पण लागतं. (लातूर)

उत्तर: तुम्ही चहाला गेलात की विंडोज पण वीज वाचवायला जातं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' म्हणून टॅब आहे, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी दिलेली असते, ती टिक काढा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' आहे, ते डिसेबल करा. काही लॅपटॉपवर पहिला टॅब दिसतच नाही, तिथे दुसरं केलं तरी बहुतेक भागतं.

एवढ्याने नाही थांबलं तर डोंगल यूएसबी हबला लावलंय का बघा. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि बिनाअडॅप्टरच्या हबवर तेवढ्यातच किबोर्ड, माऊस, वेबकॅम आणि डोंगल सगळे जेवतात. ते थेट मशीनला लावा. गरम होण्याचं म्हणाल तर नॅनो डोंगल गरम होतातच, एवढ्याशा जागेत उष्णता जाणार कुठे, पण बोट ठेववत नसेल आणि तुटण्याचा काळ गरम होण्याशी जुळत असेल तर वॉरंटीत बदलून घ्या, तुमचं खरंच खराब असू शकतं.

प्रश्न: मी सायबर सिक्युरिटी शिकतोय. सरांनी एक मॉडेल सांगितलं, 'मॉनिटर मोड चालतो' म्हणून. मित्राकडे तेच मॉडेल आहे, त्याचं चालतं. मी तेच नाव, तोच नंबर बघून घेतलं तर माझं चालत नाही. डुप्लिकेट आलं का? (नाशिक)

उत्तर: डुप्लिकेट नाही, व्हर्जन वेगळं. कंपनीचं नाव घेत नाही पण तुमच्या क्लासमधल्या कोणालाही कळेल. त्या मॉडेलच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची एआर ९२७१ चिप होती, लिनक्समध्ये काहीही न टाकता मॉनिटर मोड, म्हणजे नेटवर्कला न जोडता हवेतली सगळी पॅकेट ऐकायची सोय, द्यायची म्हणून तिचं नाव झालं. पुढच्या व्हर्जनपासून आत रिअलटेकची चिप आली, बाहेरचं रूप आणि मॉडेल नंबर तोच, बदल फक्त बारकोडजवळच्या 'व्ही २', 'व्ही ३' एवढ्या अक्षरांत. हे कंपन्या सर्रास करतात आणि मला ते अजिबात पटत नाही, चिप बदलली की नंबर बदलायला काय जातं? ऑनलाइन फोटोत व्हर्जन दिसत नाही आणि खालचे रिव्ह्यू जुन्या-नव्या दोन्ही व्हर्जनचे एकत्र, त्यामुळे पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही देणारे खरं बोलत असतात. पुढच्या वेळी चिपचं नाव लिहून देणाऱ्याकडूनच घ्या. प्रयोग मात्र स्वतःच्या राउटरवर करा, शेजारच्या काकांच्या नको.

प्रश्न: आमच्या शाळेला देणगीतून दहा जुने कॉम्प्युटर मिळालेत, त्यावर लिनक्स मिंट टाकलंय. दहा डोंगल घ्यायचा विचार आहे. कोणतं घ्यावं? एक सॅम्पल आणलं होतं, एका अपडेटनंतर बंदच पडलं. (गडहिंग्लज)

उत्तर: गुरुजी, आधी सॅम्पलचं. त्या डोंगलचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, नसणार, कोणीतरी बाहेरून आणून टाकलेला असणार, तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी परत बनवावा लागतो आणि बनला नाही की वायफाय गायब. म्हणून लिनक्ससाठी ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे तीच घ्यायची. मीडियाटेकची एमटी ७६१२यू ही कर्नल ४.१९ पासून आहे, आणि वायफाय ६ वाली एमटी ७९२१एयू ही ५.१८ पासून. रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू ह्या बऱ्याच स्वस्त डोंगलमध्ये असतात, त्यांची सोय ६.२ ला झाली. तुमचं मिंट २१ असेल तर त्यासोबत ५.१५ कर्नल येतो, म्हणजे रिअलटेकसाठी जुना, मिंट २२ मध्ये ६.८ आहे. म्हणजे मिंट नवं केलं तर आणलेलं सॅम्पल पण कदाचित आपोआप चालेल, आधी ते करून बघा.

पण खरं विचाराल तर दहा डोंगल घेऊच नका. एका खोलीत दहा मशीन एकाच राउटरशी हवेतून बोलणार म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचं, आणि तासाला सगळ्या पोरांनी एकदम व्हिडिओ लावला की तुमची अवस्था काय होईल ते तुम्हीच ओळखा. जुन्या डेस्कटॉपना लॅनचा पोर्ट असतोच. सोळा पोर्टचा एक स्विच, कॅट ६ ची वायर, क्रिंपिंगचं पक्कड आणि आरजे ४५ कनेक्टर आणा, एका वायरीला १०० मीटरपर्यंत काही होत नाही, वर्गखोली तर केवढीशी. आठवी-नववीच्या पोरांना कनेक्टर बसवायला शिकवा, एका दुपारचं काम आहे आणि त्यांना आवडेल पण. डोंगल एखादं ठेवा, नडीअडीला.

प्रश्न: टीव्हीला मागे यूएसबी आहे. पीसीचं डोंगल त्याला लावलं तर टीव्ही स्मार्ट होईल का? (जळगाव)

उत्तर: नाही होणार. टीव्हीत त्या चिपचा ड्रायव्हर आणि अ‍ॅप चालवायची सोय दोन्ही पाहिजे, साध्या टीव्हीचा यूएसबी पेनड्राइव्हवरचे फोटो-गाणी बघण्यापुरता असतो. फ्री डिशचे काही सेट टॉप बॉक्स मात्र डोंगल घेतात, त्यांच्या माहितीत आरटी ५३७० किंवा एमटी ७६०१ अशी चिप लिहिलेली असते, तीच घ्यावी लागते. टीव्हीला एचडीएमआय असेल तर ह्या भानगडीत न पडता स्ट्रीमिंग स्टिक घ्या.

प्रश्न: ऑनलाइन '१२०० एमबीपीएस ड्युअल बँड' म्हणून घेतलं, आत निघालं फक्त २.४ वालं १५० चं. बॉक्सवर ना कंपनीचा पत्ता ना एमआरपी. रिटर्न टाकलं तर 'प्रॉडक्ट वर्किंग' म्हणून रिजेक्ट. (कोल्हापूर)

उत्तर: सगळ्या पत्रांत ही खरी फसवणूक. पुण्याच्या वाचकांची केस उभी राहत नाही पण तुमची राहते, कारण तुम्हाला सांगितलं ते दिलंच नाही. डिव्हाइस मॅनेजरमधल्या हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट घ्या, विक्रीच्या पानाचा घ्या, बॉक्सच्या सहाही बाजूंचे फोटो काढा. २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे पॅकबंद वस्तूवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापावंच लागतं, तुमच्याकडच्या बॉक्सवर ते नाही हाच एक स्वतंत्र मुद्दा झाला.

आता चॅटवरच्या मुलांशी वाद घालत बसू नका, साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. सोबत १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथला नंबर मेलमध्ये घाला, बऱ्याचदा तेवढ्यानेच रिफंड हलतो. नाहीच हलला तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षं. चारशे रुपयांसाठी कोण जाणार असं लोक म्हणतात आणि असले विक्रेते त्याच भरवशावर बसलेत.

प्रश्न: मुलाने बाहेरून येताना वायफाय ६ चा चांगला महागाचा अडॅप्टर आणला, यूएसबीचा. माझ्या विंडोज ७ वर इन्स्टॉलच होत नाही. मशीन २०११ चं आहे. वय झालं, आता नवीन शिकणं होत नाही. (डोंबिवली)

उत्तर: काका, तो अडॅप्टर ठेवून द्या किंवा मुलालाच द्या. वायफाय ६ च्या अडॅप्टरचे ड्रायव्हर बहुतेक विंडोज १० आणि ११ साठीच निघतात, ७ साठी शोधत बसाल तर भलत्याच साइटवर जाऊन पोचाल. २०११ च्या मशीनला बहुतेक सगळे पोर्ट यूएसबी २.० चेच असणार, म्हणजे चाललं असतं तरी त्याचा वेग तुम्हाला मिळाला नसता. एसी ६०० वाला साधा अडॅप्टर घ्या, बॉक्सवर विंडोज ७ लिहिलंय ना तेवढं दुकानातच वाचून घ्या, असे अजून मिळतात. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत आणि १० चे पण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे त्या मशीनवर बातम्या वाचा, नाटकं बघा, नातवंडांशी बोला, पण पेन्शनचं नेटबँकिंग तिथून करू नका, ते मोबाइलवरूनच करा.